पाळणा अंगणातच

बारशाला सुनेच्या भावानं राघू-मैना कोरलेला पाळणा आणला आणि बायजाक्कानं उंबरा अडवला. "तुरुंगात सुतारकी शिकलेल्या हातांचा पाळणा? माझा नातू त्यात निजायचा नाही. राहू दे अंगणातच!"

"आत्याबाई, चार वर्षं शिक्षा भोगून आलाय तो," सून रडवेली झाली.

"कसली शिक्षा? सरकारचा जावई! फुकट जेवला आणि वर हुन्नर शिकून आला."

भाऊ मान खाली घालून पाळण्यापाशीच उभा राहिला. आत बाळाला सुपात ठेवलं आणि बायजाक्कानं तोऱ्यात कृष्णाचा पाळणा म्हणायला घेतला. देव बंदिशाळेत जन्मल्याच्या कडव्यापाशी तिचा आवाज अडखळला. बायका पदराआड हसल्या.

"दात काय काढताय?" ती खेकसली आणि अंगणाकडं वळली. "अन् तू रे मामा, तिथं काय उभा? भाचा सुपात किती वेळ निजेल? आण तो पाळणा आत!"