दारामागच्या सूचना

"झाकण उघडू नका म्हटलं ना!"

बंद दारामागून आवाज आला आणि मास्तरांचा हात पातेल्यावरच थबकला. बेडरूमच्या दाराला ना काच ना फट. मग या बाईला कळतं कसं?

"वाफ बघत होतो फक्त."

"वाफ बघून भात शिजत नाही. दहा मिनिटं गप्प बसा."

गप्प बसायची मास्तरांना सवय नव्हती. तीस वर्षं ते लोकांना गाडी शिकवत आले होते. शेजारच्या सीटवर बसायचं आणि "ब्रेक! अहो, ब्रेक!" म्हणून ओरडायचं, हा त्यांचा धंदा. आता त्यांनाच कुणी शिकवत होतं, तेही दाराआडून. चीड आली की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. त्याने अर्थातच काही थांबत नव्हतं.

आज सहावा दिवस होता. गल्लीत साथ आली होती. गेल्या मंगळवारी बायको दवाखान्यातून मास्क लावून आली ती थेट आतच बाथरूम असलेल्या बेडरूममध्ये शिरली. "चौदा दिवस वेगळं राहायचं. तुम्हीही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही," असं म्हणून तिने डॉक्टरांचा कागद लांबूनच हलवून दाखवला. "आणि त्यांना ऊठसूट फोन करू नका, बिचाऱ्यांना जेवायला वेळ नाही." मग कडी लागली. तेव्हापासून ताट दाराशी ठेवायचं, टकटक करायची आणि चार पावलं मागे सरायचं.

ताट ठेवणं सोपं होतं हो. ते भरणं कठीण! चहा कुठल्या भांड्यात उकळतात हेही मास्तरांना ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं, दुसऱ्या दिवशी भाजीचा कोळसा झाला. तिसऱ्या दिवशी लाल टॉवेलाबरोबर धुतलेले सगळे बनियन गुलाबी झाले.

"शोभून दिसतील तुम्हाला," दार म्हणालं.

"जखमेवर मीठ चोळू नकोस!"

कॅलेंडरवर मास्तर रोज एक तारीख खोडत होते. चौदावा दिवस उजाडला, ही बाहेर आली, की आपण पुन्हा आपल्या खुर्चीत, हातात पेपर आणि समोर आयता चहा. या एका आशेवर त्यांनी फरशी पुसली, जळमटं काढली, बाहेरचं बाथरूम घासलं. कंबर पार कामातून गेली.

दुपारी मात्र वेळ खायला उठायचा. येरझाऱ्या घालून घालून ते वैतागले.

"काहीतरी छंद लावून घ्या," दारामागून सल्ला आला. "कपाटात ते हजार तुकड्यांचं कोडं आहे बघा."

कोडं निघालं. त्यात चारशे तुकडे नुसत्या निळ्या आभाळाचे. तीन दुपारी मास्तर त्यात डोकं घालून बसले. आभाळ तळहाताएवढंही झालं नाही. नवव्या दिवशी त्यांनी सगळे तुकडे डब्यात कोंबले आणि वर पाय आपटला.

"मग शर्टाची बटणं लावा," ती म्हणाली.

"हा काय छंद आहे?"

"वेळ जातो ना?"

तिचा वेळ कसा जात होता कोण जाणे. आतून सारखी टाइप केल्याची टकटक ऐकू यायची. कॉम्प्युटरचा वर्ग लावला होता म्हणे, मोबाइलवरून.

"या वयात?"

"तुम्ही या वयात भात शिजवताय ना? आणि आज थोडा जास्त वाढा."

आजारी माणसाला एवढी भूक? पण विचारावं तर, "ताप आहे थोडा," एवढंच.

अकराव्या दिवशी सिंक तुंबलं. काळं पाणी फरशीवर आलं आणि मास्तरांचं डोकंच फिरलं.

"बस्स झालं! मला नाही जमत! तू बाहेर ये आणि तूच निस्तर!"

ती हळूच म्हणाली, "मी घरात नसते तर काय केलं असतंत?"

"नसतीस कशी? तू कुठे जाणार आहेस?"

खरंच होतं ते. बहिणीकडे चार दिवस जायचं नुसतं नाव काढलं, तरी मास्तर विचारायचे, "आणि माझं कसं?" की बॅग मुकाट्याने पुन्हा माळ्यावर जायची. अशी ती बॅग किती वेळा वर गेली याची गणती नव्हती.

मास्तरांनी शिव्या घालत बाही वर केली, नळी सोडवली, घाण उपसली, नळी पुन्हा बसवली. पाणी खळखळ करत खाली गेलं. ते बघून त्यांना इतका आनंद झाला की सांगायला ते दाराशी धावले, आणि चार पावलांवर थांबले.

चौदाव्या दिवशी मात्र एकही सूचना आली नाही. मास्तरांनी आपणहून चहा केला, कपडे वाळत घातले, भात लावला, आणि तो मोकळाही झाला. तिला जायफळ घातलेली कॉफी आवडते, तीही केली. दुपार उलटली. दार उघडेना.

"अगं, झाले की चौदा दिवस! ये ना आता बाहेर!"

"आवरतेय. संध्याकाळपर्यंत थांबा."

आता आणखी संध्याकाळपर्यंत? मास्तरांचा संयम संपला. त्यांनी सरळ डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, तुमचे चौदा दिवस भरले. हिला खोलीतून बाहेर काढू ना? मी पार टेकीला आलोय."

"खोलीतून? वहिनींना?" डॉक्टर गोंधळले. "अहो मास्तर, त्यांना काहीच झालेलं नाही. माझ्याकडून त्यांनी नेला तो तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला, परगावच्या नोकरीसाठी. मग, उद्याच रुजू होतायत ना?"