रविवारची रमी

पिशवी कॉटखाली नीट गेली नव्हती. तिचा बंद बाहेर लोंबत होता. नागूबाईंनी तो पायानं आत सारला, वरून चादरीचं टोक खाली ओढलं. सरळ झाल्या आणि पुन्हा वाकून बघितलं.

चार वाजत आले होते. संघपाल सातला पुण्याहून गाडी घेऊन यायचा होता, आईला कायमची न्यायला. नात धम्मप्रिया रोज फोनवर विचारायची, "आजी, खिडकीजवळची कॉट तुझी. कधी येतेस गं?" नागूबाईंचा जीव नुसता तिकडं धावत होता. पण रविवारच्या पाहुण्यांना हे सांगायचं कसं, ते काही केल्या सुचत नव्हतं.

शाळेतली शिपायाची नोकरी संपली, संघपाल पुण्याला गेला आणि घर खायला उठलं, तेव्हा तेजश्रीनं त्यांना गाठलं होतं. ही पोरगी एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी रविवारचा चहा भरवायची.

"काकू, यजमान व्हाल का? तुमचं घर तळमजल्यावर, माणसांना सोपं पडेल. अट एकच. तुम्ही एकटे आहात म्हणून हे चाललंय, असं समोरच्याला कधी जाणवू द्यायचं नाही. अवाक्षर काढायचं नाही."

नागूबाईंनी दोन वर्षं अवाक्षर काढलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी तेजश्रीला सांगून टाकलं, की माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघ.

पहिले आले कल्लप्पा. मिलमध्ये फिटर होते, अजूनही पाना पिशवीत घेऊन फिरायचे. चप्पल काढली आणि थेट मोरीकडं.

"नागूबाई, नळ परत गळतोय की!"

"व्हय बघा. तुमच्याबिगर कुणाला जमतंय ते?"

नळ गळणारच. दर रविवारी सकाळी नागूबाई स्वतःच तो सैल करून ठेवायच्या. रिकाम्या हाताचा माणूस खंगतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मग आल्या मूळच्या वैरागच्या मथुराबाई, शेंगाचटणीचा डबा घेऊन. "लई झाली बाई. संपवू लागा." नागूबाईंचं पित्त खवळायचं त्या चटणीनं. तरी दोन घास खायच्याच. एकटीपुरतं कुटायला कुणाचा हात उचलतो?

शेवटी नवनाथ गुरुजी. "चष्मा घरीच राहिला. जरा वाचून दाखवता का पेपर?" चष्म्याची काडी खिशातून डोकावत होती. कुणाचा तरी आवाज ऐकायचा असतो बिचाऱ्याला, असं म्हणून नागूबाई दर वेळी वाचायच्या. आजही वाचलं, पण एकच ओळ दोनदा वाचली गेली.

रमीचं तर विचारूच नका. पाहुण्यांनी जिंकावं म्हणून नागूबाई स्वतःचा लागलेला डाव मोडायच्या. पण ही माणसं इतकी वाईट खेळायची, की त्यांना जिंकवता जिंकवता घाम फुटायचा. कल्लप्पा हातातला जोकर टाकून द्यायचे. मथुराबाई हवं ते पान समोर पडलं तरी उचलायच्या नाहीत. गुरुजी तर कुणालाही विचारायचे, "तुम्हाला काय हवंय?" सहा वाजले तरी डावाला लावायचे चिंचोके जिथल्या तिथं. म्हातारपण, दुसरं काय!

आज नागूबाईंच्या हातून पत्ते दोनदा सांडले.

"बरं न्हाय का?" मथुराबाईंनी विचारलं.

"कुटं काय? चांगली टुणटुणीत हाय की."

आता सांगू, चहा झाला की सांगू, असं मनात चाललं होतं. चहा झाला. कपही विसळून झाले.

निघताना कल्लप्पा उंबऱ्यातच थांबले. पाना या हातातून त्या हातात करत राहिले.

"फुडच्या रविवारी हाय न्हवं?"

मागं मथुराबाई रिकामा डबा उराशी धरून उभ्या होत्या. गुरुजीही बघत होते. नागूबाईंनी तिघांच्या तोंडाकडं बघितलं.

"हाय की," त्या म्हणाल्या. "मी कुटं जाती?"

बोलून गेल्या. पण शब्द परत घेतला नाही.

सातला संघपाल आला. "चल आई. पिशवी कुठाय?"

"संघा, मी न्हाय येत."

"अगं, असं काय करतेस? धम्मप्रियानं सकाळपासून तुझी कॉट झटकून ठेवलीय!"

ते ऐकून नागूबाईंना रडू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी आवरेना. "पोरीला म्हनावं, आजी चुकली. पर त्या तिघास्नी माझ्याशिवाय कोण हाय रं?"

संघपाल तासभर भांडला. मग पाणीसुद्धा न पिता गाडीत बसला. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा नागूबाईंनी पिशवीतली लुगडी काढून परत ट्रंकेत ठेवली. त्यांच्यात धम्मप्रियासाठी घेतलेला फ्रॉक होता. तोही ठेवला. मग तेजश्रीला फोन लावला.

"दुसरं कुणी बघू नगंस. माझंच नाव ऱ्हाऊ दे."

"बरं काकू," तेजश्री म्हणाली.

तिनं फोन ठेवला न ठेवला, तोच पुन्हा वाजला. कल्लप्पा होते.

"पोरी, नागूबाईंच्या सोबतीला माझ्या जागी दुसरं कुणी बघ म्हनलो व्हतो न्हवं? नगं बघू. लेकीला आत्ताच कळवलं, हुबळीला येत न्हाय म्हनून. लई रडली. पर आज नागूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता बघ. हातात पत्ते ठरंनात. घरात नळ सुदिक धड न्हाय बिचारीच्या, दर रविवारी गळतोय. तिला माझ्याशिवाय कोण हाय?"

"बरं काका," तेजश्री म्हणाली.

मथुराबाईंचा फोन केव्हाचा वेटिंगवर होता.