सुट्टीचे वार

सुनीतीनं पहिली जोडणी पूर्ण केली आणि लॅबमधला रिपोर्ट आपोआप डॉक्टरांच्या स्क्रीनवर उमटला. मॅनेजर रिफत सरांनी टाळ्या वाजवल्या. मार्विननंही वाजवल्या, पण त्याच्या पोटात दुखत होतं.

कतारमधल्या अल रय्यानच्या या दवाखान्यातला एकेक कॉम्प्युटर त्यानं सांभाळला होता. ते सगळे एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा काम गेलं परवा पुण्याहून उतरलेल्या पोरीकडे. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय.

"दादा, सेटिंग एकदा बघता का? आज गुरुवार, घरी जायच्या आत लाइव्ह करायचंय."

त्यानं पाहिलं. सुट्टीचे वार म्हणून तिनं शनिवार-रविवार निवडले होते. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी दवाखाना पेशंटनी भरणार आणि सॉफ्टवेअर मात्र सुट्टी समजून सगळे रिपोर्ट अडवून ठेवणार.

मार्विनला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. पडू दे तोंडावर.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"शुक्रन, दादा. रविवारी सकाळी लॅबच्या खिडकीवर जोसेफीनताईच आहेत ना? त्यांना सांगून ठेवलंय, आता रिपोर्ट घेऊन पळापळ नको."

जोसेफीन त्याची बायको. म्हणजे रविवारी सगळी गर्दी तिच्याच अंगावर येणार.

"थांब," मग तो म्हणाला. "आम्ही इथे चर्चमध्ये रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकतो. कळलं का काही?"

तिला जरा वेळानं कळलं. तिनं कपाळावर हात मारला, वार बदलले आणि उठून सरळ रिफत सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं.

"सर, मुझसे गलती हो गई थी. छुट्टी के दिन गलत डाले थे. मार्विन सरने पकडा."

मार्विन खुर्चीत ताठ बसला. आता तरी आपलं कौतुक होईल.

"अपनी गलती खुद आके बतायी," रिफत सरांचा आवाज बाहेरपर्यंत आला. "ऐसे लोग चाहिए मुझे. मार्विन, सुना? सीखो कुछ."

मार्विननं मान डोलावली. जाऊन सांगण्यासारखी चूक त्याच्याकडेही होती, तिच्याहून मोठी. ती घेऊन तो जागेवरच बसून राहिला.