पायावरची फुली

"आई, खरं सांग, कोण वाचणार नाही हे तुला आधीच कळतं ना?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, "विचारून दाखव, मग मानू!" लेकीने शाळेतून आल्या आल्या विचारून टाकलं.

आयसीयूतली ड्यूटी संपवून आलेली आई सोफ्यावर अंग टाकून पडली होती. "डॉक्टर आकडे मांडून अंदाज बांधतात. रक्तवाहिनीच्या ऑपरेशननंतर आम्ही नर्स पायाची नाडी शोधतो आणि तिथे पेनाने फुली मारतो, म्हणजे पुढच्या पाळीतल्या नर्सला शोधावी लागत नाही." तिने डोळे मिटले. "जे जाणार असतात, त्यांची फुली न पुसता नाहीशी होते. का, ते विचारू नकोस. मी दमलेय गं."

बाबांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. त्यांनी हसत पाय पुढे केला. "घ्या सिस्टरबाई, लावा आमचा निकाल!"

लेकीने आईच्या खिशातलं पेन हिसकावलं आणि तिघांच्याही पायांवर ठसठशीत फुल्या मारल्या.

जेवण झाल्यावर आईला राहवेना. तिने वाकून बाबांचा पाय पाहिला, मग स्वतःचा. दोन्ही फुल्या जशाच्या तशा होत्या. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हुश्श! उगाच जिवाला घोर," बाबा म्हणाले. "तुझी गं, चिमणे?"

तिने खाली पाहिलं. पाय कोरा होता. तिथे टेकवलेल्या बोटाखाली नाडी मात्र मजेत उडत होती.

"आहे की!" तिने पाय मांडीखाली घेतला. मग, भांडभांडून मिळवलेल्या आपल्या खोलीकडे न बघता, तिने जाहीर केलं,

"आज मी तुमच्या दोघांच्या मध्ये झोपणार."