बाळंतिणीचा आवाज

"झोप लागते का?" डॉक्टर बेंद्र्यांनी ओल्या बाळंतिणीला, कल्याणीला, विचारलं. टेबलावरचं सरकारी यंत्र आवाजावरून तिचं मन तपासत होतं.

"न लागायला काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या.

"जेवण?"

"मीच वाढते ना."

यंत्राचा दिवा हिरवा झाला. पेशंट खंबीर, प्रसन्न आणि बोलका असल्याचं त्याने कळवलं.

डॉक्टरांनी सासूबाईंना बाहेर बसवलं आणि यंत्र कल्याणीपुढे सरकवलं. "आता तू बोल, पोरी."

ती दिव्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "हिरवाच राहू द्या, डॉक्टर. लाल झाला तर घरचे बाळ माझ्याजवळ देणार नाहीत."

यंत्राला तेवढं बोलणं पुरलं. दिवा लाल झाला, आणि काचेच्या दारापलीकडे सासूबाई उठून उभ्या राहिल्या.