रविवारचा शब्द

भुवना दर रविवारी मद्रासहून तंजावूरला, गल्लीतल्या एकुलत्या मराठी घरी, फोन लावायची आणि अप्पा तिला एक इंग्रजी विशेषण कोड्यासारखं घालायचे. तिने आधी अर्थ सांगायचा, मग मूळ, मग वाक्यात उपयोग. बापलेकीचं बोलणं काय ते तेवढंच. अप्पा गेले, दिवसकार्य झालं, ती मद्रासला परतली. पुढच्या रविवारी सवयीने एसटीडी बूथवर गेली, तर फोन अम्माने उचलला.

"थांब हं. त्यांनी डिक्शनरीत खूण करून ठेवलीय." इंग्रजीची नुसती अक्षरं ओळखणारी अम्मा सावकाश वाचू लागली. "डी, ई, एस, ओ, एल, ए, टी, ई."

"डेसोलेट. म्हणजे उजाड, अम्मा. मूळ लॅटिन, एकटं टाकून जाणं. गावाला म्हणतात, रानाला म्हणतात." माणसालाही म्हणतात, हे तिने सांगितलं नाही.

"आता वाक्य."

"राहू दे ना, अम्मा."

"राहू दे कसं? ओरडतील ते."

मग अम्माच सांगू लागली. "शेजारपाजारचे रोज येतात, तमिळमध्ये चांगले चार शब्द बोलतात. पण तू गेल्यापासून मी मराठी आजच बोलतेय."