खालच्या खुर्च्यांवर

हसू दाबून धरलं की माणसाचे कान किंचित मागे ओढले जातात. पुढच्या रांगेतल्या गोऱ्या माणसाचे कान सिनेमा सुरू झाल्यापासून तसेच होते, आणि ओलेथा पडद्याइतकंच त्या कानांकडेही बघत होती. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईची ही खोड.

पडद्यावर, गुलामीतून पळालेली एक स्वयंपाकीण कमरेला दोन पिस्तुलं लावून, खेचरावर बसून, मालकाच्या मळ्यावर परत आली होती. एक मुकादम काकवीच्या कढईत उलटा पडला होता. त्याचे नुसते बूट दिसत होते. मिसिसिपीतल्या त्या लहानशा गावात नाताळच्या दुपारी निम्मं चर्च थिएटरात लोटलं होतं. आधी प्रार्थना, मग जेवण, मग सिनेमा, हा दरसालचा शिरस्ता. बायकांच्या डोक्यांवर सकाळच्या टोप्या तशाच होत्या.

"मिस ओलेथा," मागून चर्चमधली व्हर्नीस म्हणाली, "तुमच्या टोपीच्या पिसांत माझं अर्धं खेचर गेलं हो."

"डोक्याकडचं की शेपटीकडचं?" ओलेथाच्या शेजारून थर्मनने मोठ्याने विचारलं. रांगेत खसखस पिकली.

"हळू बोल," ओलेथा म्हणाली.

हे ती त्याला लहानपणापासून सांगत आली होती. तेव्हा याच थिएटरात काळ्यांनी वर बाल्कनीत बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी रीत होती. ओलेथा ती पाळायची. थर्मन वरून खालच्या गोऱ्यांच्या टोप्यांवर पॉपकॉर्न टाकायचा.

आता दोघंही सत्तरीला टेकली होती, दोघांचेही जोडीदार गेले होते. ईस्टरला थर्मनने तिला लग्नाचं विचारलं होतं. ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. तिचा नवरा वेंडेल घरात आहे की नाही तेही कळू नये इतका शांत होता. आणि हा असा तोंडाळ! थर्मनचा मुलगा उद्या सकाळी त्याला कायमचा डेट्रॉइटला न्यायला येणार होता. "तू थांब म्हणालीस तर थांबेन," एवढंच तो येताना गाडीत म्हणाला होता. आणि लगेच हॉर्न वाजवून पुढच्या गाडीवाल्याची अक्कल काढली होती.

पडद्यावर मळ्याचा मालक गळ्याला रुमाल बांधून सूप पीत होता. स्वयंपाकिणीने त्याच्यावर पिस्तूल रोखलं.

"अगं," मालक गयावया करत म्हणाला, "मी तर तुला घरचीच समजत आलो!"

"मग जमिनीत वाटणी दे की!" थर्मन ओरडला.

अख्खं थिएटर हसून लोळलं. कुणी खुर्चीचे हात बडवले, कुणी "आमेन!" म्हणालं. पुढचा गोरा माणूस मागे वळला. खांदे गदगदत होते, ओठ मात्र घट्ट मिटलेले. मी हसू का, असं त्याचे डोळे विचारत होते. वर्गात हात वर करणाऱ्या मुलाला द्यावी तशी ओलेथाने मान हलवून परवानगी दिली. तो असा काही फुटला की बायकोने त्याच्या हातातून पॉपकॉर्नचा डबा काढून घेतला. कान एकदाचे जागेवर आले.

आणि मग स्वयंपाकिणीला मागचं आठवलं. खांब, दोर, चाबूक.

थिएटर चिडीचूप झालं. व्हर्नीस मिटल्या ओठांनी गुणगुणू लागली, माणसाला माती देताना गुणगुणतात तसं. ओलेथाने शेजारी बघितलं. थर्मनची मान खाली होती. तोंडाकडे नेलेले शेंगदाणे मुठीतच राहिले होते.

चाबूक थांबला. आता हा काहीतरी बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली. तो बोलेना. ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. वेंडेल गेल्यापासून रोज संध्याकाळी तीच तर तिच्यासमोर जेवायला बसायची.

"थर्मन, बोल ना काहीतरी."

"माझ्या पणजीच्या पाठीवर होते ते वळ," तो म्हणाला. "आजी सांगायची." मग मान वर करून म्हणाला, "आणि तू कधीपासून मला बोल म्हणायला लागलीस?"

तेवढ्यात पिस्तूल कडाडलं. मालक तोंडघशी सूपमध्ये गेला आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर टोमॅटो आणि रक्त एकत्रच उडालं. टोप्या उडाल्या, माणसं उठून नाचली, पुढचा गोरा माणूसही उठला. व्हर्नीस ओरडली, "सूप गरम होतं ना रे, साहेबा?" थर्मन हसला, पण आवाज न करता.

शेवटी स्वयंपाकीण फाटकाशी आली. तिथे हातात बादली घेऊन, केस पांढरे झालेला तिचा जुना सोबती उभा होता.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

ती नुसतीच बघत राहिली. खेचराने कान हलवले. 

"अगं, हो म्हण!" मागून कुणीतरी ओरडलं.

"खेचरावर जागा आहे की, बाई!"

"म्हातारा होऊन मरेल तो बिचारा!"

सगळं थिएटर बोलत होतं. थर्मन तेवढा गप्प होता.

ओलेथा उठली. तिने टोपी काढून खुर्चीवर ठेवली. पिसांमागचं खेचर व्हर्नीसला आता पूर्ण दिसलं असतं; पण व्हर्नीस पडद्याकडे बघतच नव्हती. ओलेथा थर्मनकडे वळली आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जो पोचायचा त्या आवाजात, वरच्या रिकाम्या बाल्कनीलाही नीट ऐकू जाईल असं म्हणाली,

"डेट्रॉइटला कळव, तू येत नाहीस. मी तुझ्याशी लग्न करतेय."